आधी दिले म्हणून, की दिले म्हणून?

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रिया या फार वेदना देणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये मोडतात. त्यातही दोन किंवा अधिक मणके एकमेकांना सांधण्याची शस्त्रक्रिया विशेष त्रासाची. तीत पाठीचे स्नायू बाजूला सारावे लागतात, हाडात स्क्रू बसवावे लागतात आणि पुष्कळदा सांधण्यासाठी लागणारे हाड रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढून घ्यावे लागते. म्हणजे शस्त्रक्रिया एक आणि जखमा दोन. भूल उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस रुग्णाला कुशीवर वळणेही नको होते. वेदनेमुळे तो हालचाल टाळतो, खोल श्वास घेणे टाळतो. त्यातून छातीत कफ साठणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे असे नवे धोके उभे राहतात. तेव्हा वेदना कमी करणे ही केवळ दयेची बाब नाही. तो उपचाराचाच एक भाग आहे.

या वेदनेवर एक उपाय गेली तीन-चार दशके मोठ्या आग्रहाने सांगितला जातो. वेदना सुरू झाल्यावर औषध देण्याऐवजी सुरी लागण्यापूर्वीच ते द्यावे, म्हणजे पुढची वेदना मुळातच कमी होते, असा तो विचार आहे. ऐकताक्षणी पटणारा विचार. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलेच असते. परंतु पटणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लेखात आम्ही या विचाराची तपासणी करणार आहोत. विषय वैद्यकाचा असला तरी त्यातील खरा प्रश्न प्रयोगाच्या मांडणीचा आहे आणि म्हणून तो शाळेच्या वर्गातलाही आहे.

कल्पना कुठून आली?

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९१३ साली एक मुद्दा मांडला. ईथरसारख्या औषधाने रुग्ण झोपतो खरा, पण सुरीची वार्ता चेतांमधून वर जातच राहते. मेंदूला त्याची जाणीव नसते, एवढेच. म्हणून नुसती झोप आणून भागणार नाही. ज्या भागावर शस्त्रक्रिया करायची तेथील चेता स्थानिक भुलीने बधिर करून वार्ता वाटेतच अडवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा रोख मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला बसणाऱ्या शारीरिक धक्क्यावर होता, परंतु 'आधी अडवा' या विचाराचा उगम येथे सापडतो.

या विचाराला प्रयोगाचा आधार मिळाला तो सत्तर वर्षांनी. १९८३ साली लंडन येथे क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर केलेला प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंदराच्या मागच्या पायाला इजा केली की पाय झटक्याने मागे घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तीव्र होते. पूर्वी ज्या हलक्या स्पर्शाने काही होत नसे, त्यानेही पाय मागे खेचला जातो. यात आश्चर्य नाही. जखम दुखरी असते. आश्चर्य पुढेच होते. जखमेकडून येणाऱ्या चेता स्थानिक भुलीने बधिर केल्या, तरी ही वाढलेली तीव्रता ओसरली नाही. याचा अर्थ असा की बदल फक्त जखमेत झाला नव्हता, तो मेरुरज्जूतही झाला होता. जखमेच्या संदेशांच्या माऱ्याने तेथील चेतापेशी जणू चवताळून उठल्या होत्या आणि मारा थांबला तरी शांत होत नव्हत्या. पुढे वुल्फ आणि पॅट्रिक वॉल यांनी दाखवले की मॉर्फीन इजेपूर्वी दिले तर थोड्या मात्रेत हा बदल टळतो, इजेनंतर दिले तर मात्रा बरीच वाढवावी लागते.

वॉल हे वेदनाशास्त्रातले मोठे नाव. रोनाल्ड मेलझॅक यांच्याबरोबर १९६५ साली मांडलेला वेदनेचा 'द्वार सिद्धांत' त्यांचाच. १९८८ साली त्यांनी एका संपादकीयात हे निष्कर्ष माणसाच्या शस्त्रक्रियेला जोडून दाखवले. त्यानंतर जगभरचे भूलतज्ज्ञ या कल्पनेच्या मागे लागले. येथपर्यंतची कथा विज्ञानाच्या वाटचालीला शोभेल अशीच आहे. निरीक्षण, प्रयोग, त्यातून निघालेले अनुमान. पण अनुमान हे शेवटचे पाऊल नव्हे. उंदराच्या पायावरून माणसाच्या पाठीपर्यंत जायचे तर माणसावरच तपासून पाहायला हवे होते.

तुलना कोणाची कोणाशी?

तपासण्या पुष्कळ झाल्या. त्यांतील अनेकींची मांडणी अशी होती: रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नंतर दोन्ही गटांची वेदना मोजायची. पहिल्या गटाची वेदना कमी भरली, की 'आधी औषध देण्याचा फायदा होतो' असा निष्कर्ष काढायचा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे आणि या मांडणीतील उणीव स्वतः शोधावी. विद्यार्थ्यांनाही शोधू द्यावी.

एक साधे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने जमिनीचे दोन सारखे तुकडे केले. एकात पेरणीपूर्वी खत घातले, दुसऱ्यात घातलेच नाही. पहिल्या तुकड्यात पीक जास्त आले. यावरून 'खत पेरणीपूर्वीच घालावे' असे म्हणता येईल का? येणार नाही. फार तर 'खत घातल्याने पीक वाढते' एवढेच म्हणता येईल. 'पूर्वी' या शब्दाचा कस लावायचा असेल, तर तेच खत, तितकेच, पेरणीनंतर घातलेला तिसरा तुकडा हवा. तो नसेल तर प्रयोगाने विचारलेला प्रश्न एक आणि आपण वाचलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असे होते.

वेदनाशामक औषधाने वेदना कमी होते, यात नवल काय? त्याचे कामच ते. खरा प्रश्न आहे तो वेळेचा: तेच औषध, तीच मात्रा, एका गटाला चिरा देण्यापूर्वी आणि दुसऱ्याला चिरा दिल्यानंतर दिली, तर फरक पडतो का? आधी दिले म्हणून गुण आला, की नुसते दिले म्हणून?

हा प्रश्न नेमका विचारणाऱ्या तपासण्या एकत्र करून डेन्मार्कमधील म्योनिके, केहलेट आणि डाल यांनी २००२ साली त्यांचा आढावा घेतला. ८० तपासण्या, ३७६१ रुग्ण. निष्कर्ष असा की औषध आधी दिल्याने, नंतर देण्याच्या तुलनेत, महत्त्वाचा म्हणता येईल असा फायदा दिसत नाही. २००५ साली दुसऱ्या एका गटाने ६६ तपासण्या घेऊन हेच काम पुन्हा केले. त्यांना काही पद्धतींत, विशेषतः कण्यातील पोकळीत नळीवाटे औषध सोडण्याच्या पद्धतीत, आधी दिल्याचा फायदा आढळला. मॉर्फीनसारख्या औषधांत मात्र चित्र धूसरच राहिले. दोन आढावे पूर्णपणे जुळले नाहीत, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. एवढे मात्र खरे की उंदरांमध्ये जो ठळक फरक दिसला होता, तो माणसांमध्ये फार तर फिकट होऊन उरला.

याच प्रश्नावर आपल्या देशातले एक उदाहरण फार बोलके आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील पांडे आणि त्यांचे सहकारी यांनी गॅबापेंटिन या औषधावर लागोपाठ काही तपासण्या केल्या. हे औषध मुळात अपस्मारावरचे. कमरेच्या मणक्यांमधली सरकलेली चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते दिले, तर नंतरची वेदना आणि इतर वेदनाशामकाची गरज कमी होते, असे त्यांना आढळले. ३०० पासून १२०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रा तपासून ६०० मिलिग्रॅमच्या पुढे विशेष लाभ नाही, असेही त्यांनी दाखवले. येथपर्यंत तुलना औषधाची आणि औषध नसलेल्या गोळीची होती. पण ते तेथे थांबले नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, मूत्रपिंडदान करणाऱ्या व्यक्तींच्या शस्त्रक्रियेत, त्यांनी तिसरा गट घेतला. एका गटाला औषध आधी, दुसऱ्याला चिरा दिल्यानंतर, तिसऱ्याला औषध नाही. पहिले दोन गट तिसऱ्यापेक्षा सुखात होते, आणि त्या दोघांत परस्परांत फरक नव्हता! औषध उपयोगी पडले. 'आधी' उपयोगी पडले नाही. तिसरा तुकडा पेरल्याशिवाय हे कळले नसते.

उंदीर आणि रुग्ण

मग वुल्फ यांचा प्रयोग चुकला का? मुळीच नाही. मेरुरज्जूतील चेतापेशी इजेनंतर अधिक संवेदनशील होतात, ही गोष्ट आज पक्की मानली जाते. अडचण आहे ती प्रयोगशाळेतील इजा आणि शस्त्रक्रिया यांत असलेल्या फरकाची.

उंदराच्या पायाला केलेली इजा ही थोड्या वेळाची घटना होती. शस्त्रक्रियेची जखम तशी नसते. चिरा शिवला तरी तेथे दाह सुरूच राहतो आणि तो कित्येक तास, कित्येक दिवस मेरुरज्जूकडे संदेश पाठवत राहतो. सकाळी घेतलेल्या एका गोळीचा अंमल संध्याकाळी ओसरतो, तेव्हा दाह भरात असतो. पहाटे बांध घालून दुपारी तो काढून घेतला आणि पूर रात्री आला, तर शेत वाचेल कसे?

दुसरे असे की 'नंतर' औषध मिळालेल्या गटालाही शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचा भाग म्हणून बहुधा फेंटानिलसारखी तीव्र वेदनाशामके मिळालेली असतात. म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' यांच्यातील भेद मुळातच पुसट झालेला असतो.

तिसरे कारण खास कण्याच्या रुग्णांचे आहे आणि आमच्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. कण्याच्या शस्त्रक्रियेला येणारा रुग्ण बहुधा वेदनामुक्त येत नाही. चकती सरकून चेतेवर दाब आलेला असतो, कंबरेपासून पोटरीपर्यंत कळा येत असतात, आणि हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चाललेले असते. त्याच्या मेरुरज्जूतील चेतापेशी सुरीची वाट पाहत शांत बसलेल्या नसतात. अशा रुग्णाच्या बाबतीत 'वेदनेपूर्वी' हा क्षण केव्हाच होऊन गेलेला असतो. प्रयोगातला उंदीर निरोगी होता. रुग्ण तसा नाही.

सारेच निकाल अनुकूल

असे असूनही ही कल्पना मणक्यांच्या शस्त्रक्रियेत एवढी घट्ट कशी बसली? याचे एक कारण औषधांच्या गुणात नाही, ते माणसाच्या वर्तनात आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे बेस्टेट मेडिकल सेंटर हे रुग्णालय आहे. तेथील भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांचे या विषयावर पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध होत असत. सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब, प्रीगाबालिन अशी औषधे शस्त्रक्रियेच्या आधीपासून दिली की नंतरची वेदना कमी होते, असे ते सांगत. मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेवरचे त्यांचे निबंध इतरांच्या लेखांत वारंवार उद्धृत होत असत. २००८ साली रुग्णालयाने नेहमीच्या तपासणीत त्यांच्या दोन गोषवाऱ्यांची चौकशी केली. त्या अभ्यासांना नैतिक समितीची परवानगीच नव्हती. धागा ओढला तसा सारा गुंता सुटत गेला. १९९६ ते २००८ या काळातील २१ निबंधांमधील माहिती पूर्णतः किंवा अंशतः बनावट होती. काही अभ्यास झालेच नव्हते. ज्या रुग्णांच्या वेदनेचे आकडे छापले होते, ते रुग्णच नव्हते. २००९ साली नियतकालिकांनी हे निबंध मागे घेण्यास सुरुवात केली. त्यांत मणके सांधण्यावरचेही निबंध होते. २०१० साली रूबेन यांना न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. न झालेल्या संशोधनासाठी औषध कंपन्यांकडून पैसे घेतल्याचा तो गुन्हा होता. त्यांच्या सहलेखकांवर गैरवर्तनाचा ठपका आला नाही.

लबाडी एका माणसाची. ती सांगून सगळ्या वैद्यकाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला विचारायचे आहे ते असे की बारा वर्षे कोणालाच संशय कसा आला नाही? निकाल जवळजवळ नेहमी अनुकूल येत होते. इतर ठिकाणी तपासणीचे निकाल कधी इकडे, कधी तिकडे झुकत असताना एका ठिकाणी ते सतत एकाच बाजूला पडत होते. वर्गात दहा विद्यार्थ्यांनी लंबकाचा आवर्तकाल मोजला आणि एकाचे सर्व आकडे पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळले, तर शिक्षक त्याला शाबासकी देण्यापूर्वी त्याची वही नीट पाहतात. येथे वही कोणी मागितली नाही, कारण सगळ्यांना हवे होते तेच उत्तर त्यात होते. उत्तर आवडते असले की तपासणीचा हात सैल पडतो. विहीर आधी खणावी हे आपल्याला पटलेलेच होते.

त्याहून खेदाची गोष्ट पुढची. निबंध मागे घेतल्यावरही इतर लेखक त्यांचा आधार देत राहिले. काही वर्षांनी झालेल्या पाहणीत असे दिसले की अशा उल्लेखांपैकी सुमारे एक चतुर्थांश ठिकाणीच 'हा निबंध मागे घेतला आहे' असे वाचकाला सांगितलेले होते. छापील शब्द खोडणे किती अवघड असते, हे पाठ्यपुस्तकातील एखादी जुनी चूक वर्षानुवर्षे शिकवत आलेल्या कोणालाही समजेल.

हिशोब पुन्हा मांडला तेव्हा

बनावट निबंध वगळून, नव्या तपासण्या घालून हिशोब पुन्हा मांडण्याचे काम पुढे झाले. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या दोन औषधांवरचा मोठा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या २८१ तपासण्या आणि २४,६८२ रुग्ण होते. वेदना मोजण्यासाठी शून्य ते शंभर अशी पट्टी वापरतात. शून्य म्हणजे वेदना नाही, शंभर म्हणजे कल्पनेतली सर्वांत तीव्र वेदना. या पट्टीवर औषध घेतलेल्यांची वेदना सहा तासांनी सरासरी १० ने, चोवीस तासांनी ७ ने आणि अठ्ठेचाळीस तासांनी अवघी ३ ने कमी होती. रुग्णाला स्वतःला फरक जाणवायचा तर तो निदान १० चा हवा, असे त्या संशोधकांनी धरले होते. उलट घेरी येणे आणि नजर अंधुक होणे हे त्रास औषध घेतलेल्यांत अधिक होते. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता की या औषधांनी श्वसन मंदावू शकते. वृद्धांना, फुप्फुसाचे विकार असणाऱ्यांना आणि मॉर्फीनवर्गातील औषधे चालू असणाऱ्यांना हा धोका विशेष आहे. मणक्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांत असे रुग्ण पुष्कळ असतात.

येथे 'आकडेवारीने सिद्ध' आणि 'रुग्णाला उपयोगी' यांतील फरक ध्यानात घ्यावा. पंचवीस हजार माणसांवर मोजले तर लहानसा फरकही खरा ठरतो. पण खरा असणे म्हणजे मोठा असणे नव्हे.

मग उरते काय?

या टीकेवरून कोणी असा अर्थ काढू नये की शस्त्रक्रियेपूर्वी दिलेले औषध निरुपयोगी आहे. जागे होताना अंगात वेदनाशामक असणे केव्हाही चांगले. ते आधी द्यायचे की मध्ये, हा सोयीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो भूलतज्ज्ञाने सोडवावा. वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन-तीन औषधे थोड्या थोड्या मात्रेत एकत्र देऊन मॉर्फीनची गरज कमी करायची, ही पद्धत रूबेन यांच्या निबंधांवरच उभी नव्हती; त्यांना वगळूनही ती टिकून आहे. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली गोळी रुग्णाने अवश्य घ्यावी. मात्र 'आधी घेतली की नंतर दुखत नाही' असे कोठे वाचून स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये. काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, आणि काहींनी हाड सांधण्यास उशीर लागतो की काय, अशी शंका तज्ज्ञांना आहे.

आमचा आक्षेप औषधाला नाही, 'आधी' या शब्दाला चिकटलेल्या मोहिनीला आहे. सुंदर यंत्रणा सापडली की तिच्यावरून उपचार आपोआप सिद्ध होतो, या समजाला आहे. ही चूक केवळ डॉक्टर करतात असे नाही. वृत्तपत्रात रोज कोणत्या ना कोणत्या पदार्थाने, व्यायामाने, गोळीने काय होते ते छापून येते, आणि यंत्रणा समजावून सांगितली की ते पटतेही.

शिक्षकांनी अशी एखादी बातमी वर्गात न्यावी आणि विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. तुलना कोणाशी केली आणि ज्या गोष्टीचा दावा आहे, तेवढीच गोष्ट दोन गटांत वेगळी होती का? फरक पडला तो किती, आणि तो ज्याचा त्याला जाणवेल एवढा आहे का? आणि हेच दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी करून पाहिले आहे का? हे प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. लखनौच्या संशोधकांनी तिसरा गट घेतला, तो पहिल्याच प्रश्नापोटी. तिसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर कण्याच्या असंख्य रुग्णांवरचे उपचार न झालेल्या प्रयोगांच्या भरवशावर ठरले नसते.